विशारद झाले, पण मला गायिका नाही व्हायचंय

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

"ताई, मी २६ वर्षांची. मूळची मिरजेजवळची, सध्या पुण्यात एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. बाराव्या वर्षापासून गाणं शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत विशारद पूर्ण झाले. तीन वर्षं पुण्यात सगळं करून बघितलं, टीव्हीच्या शोच्या ऑडिशन, छोटे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, सोसायटीचे गणपती. पण स्टेजवर गेले की मला मजा येत नाही. आवाज वाईट नाही, पण लोक थांबून ऐकतील असाही नाही, हे मला कळतं. क्लासमध्ये सगळ्यांचे तानपुरे मात्र मीच लावून द्यायचे, आणि मैत्रिणीचं रेकॉर्डिंग ऐकलं की कुठला स्वर किंचित उतरलाय ते मला लगेच टोचतं. मला संगीतातच काम करायचंय पण गायचं नाहीये. मुंबईतल्या एका इन्स्टिट्यूटचा साउंड आणि म्युझिक प्रॉडक्शनचा एक वर्षाचा कोर्स आहे, फी साडेचार लाख. बाबा (ते पेटी वाजवतात, हौशी) एफडी मोडायला तयार आहेत, पण त्यांना वाटतंय की मी कोर्स करून स्वतःचा अल्बम काढणार. आमच्या बाई म्हणतात रियाज वाढव, बाकीचं सुचतंच कसं. गाणं सोडलं तर १४ वर्षं वाया गेली का? गायिका न होता संगीतात पोट भरतं का? की शेवटी क्लासच घ्यावे लागतात?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. तू ते असंच जाता जाता लिहिलंयस, सगळ्यांचे तानपुरे मीच लावून द्यायचे. अगं, १४ वर्षं वाया गेली का म्हणून विचारतेस आणि त्याच पत्रात उत्तर लिहून पाठवतेस. तानपुरा लावता येणं म्हणजे काय हे ज्याला येत नाही त्यालाच माहीत. मी स्वतः गाणं शिकत होते तेव्हा तीन वर्षं मला पंचम लागला की नाही हेच कळायचं नाही, शेजारच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचे.

तर पहिली गोष्ट. तू शिकायला गेलीस गाणं, पण तयार झाला तुझा कान. गळा आणि कान एकत्रच तयार होतात असं आपण धरून चालतो कारण क्लासमध्ये परीक्षा गळ्याची होते. कानाची परीक्षा कोणी घेत नाही, त्याला सर्टिफिकेट नाही, म्हणून तुला वाटतंय हातात काही नाही. आणि या धंद्यात पडद्यामागे, काचेमागे, स्टेजच्या बाजूला बसून जे लोक वर्षानुवर्षं टिकून आहेत ना, ते सगळे कानावर जगतात.

दुसरं असं की तू मिरजेकडची असून हे मला विचारतेस याची गंमत वाटली. मिरज म्हटलं की आपण काय सांगतो, अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, दर्ग्याच्या उरसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. बरोबर आहे. पण त्याच गावात शिकलगार घराण्यातली माणसं, ज्यांचं मूळ काम हत्यारांना धार लावायचं, ती दीडेकशे वर्षांपूर्वी सतारी-तानपुरे बनवायला लागली आणि २०२४ पासून मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. जवारी काढणारा, म्हणजे तारेचा नाद खुलवणारा माणूस बघितलायस ना तू? तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत फिरवतो. तो गात नाही. पण त्याने काढलेल्या जवारीवर गाणाऱ्याची संध्याकाळ ठरते. आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर, सप्तकातल्या २२ श्रुतींचा, म्हणजे बारीक स्वरांतरांचा हिशेब मांडत बसले होते, १९१० साली त्यावर पुस्तक छापलं, खाँसाहेबांनीही त्यांना त्या कामात गाऊन साथ दिली. डेप्युटी कलेक्टर! भातखंडे तर वकील. देशभर फिरून उस्तादांकडून चिजा (बंदिशी) गोळा केल्या, नोटेशन केलं, रागांची दहा थाटांत मांडणी केली, आणि मैफिलीचे गवई म्हणून त्यांना कोणीच ओळखत नाही. तुझ्या विशारदच्या अभ्यासात निम्मं थिअरी त्यांचंच होतं की. "गायिका न होता संगीतात" हा नवा, मुंबईच्या इन्स्टिट्यूटने काढलेला प्रकार नाहीये गं, तुझ्या गावचाच धंदा आहे.

आता जरा कडू बोलते, रागावू नकोस.

तुझ्या पत्रात एक सूर असाही आहे की स्टेज जमलं नाही तर मागचं काम तरी करू. तो "तरी" काढून टाक. स्टुडिओत दर वर्षी अशी चारदोन मुलं-मुली येतात ज्यांना खरं तर गायचंच असतं, असिस्टंट म्हणून चिकटायचं आणि एखाद्या दिवशी संगीतकार म्हणेल की अगं जरा माइकवर उभी राहा. हे लगेच ओळखू येतं आणि लोकांना अजिबात आवडत नाही. शिवाय मागचं काम सोपं नसतं. मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत लागले तेव्हा पहिले सात-आठ महिने केबल गुंडाळल्या. खरंच. त्याचीसुद्धा पद्धत असते, एक वेढा सरळ एक उलटा, नाहीतर आत पीळ पडून वायर तुटते, आणि मला वाटायचं मी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण केलीय आणि हे काय करतेय. रात्री दोनला सेशन संपायचं. एका जाहिरातीचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, आता ती कंपनीही नाही. नाव कुठेच छापून येत नाही. गायकाला निदान टाळ्या मिळतात, आपल्याला "ताई तो फॅन बंद करा ना" एवढंच.

म्हणून स्वतःला एक तपासून बघ. पुढच्या कार्यक्रमाला जाशील तेव्हा तुझं लक्ष कुठे जातंय? गाणारीच्या जागी आपण असतो तर असं मनात येतं, की तबला फार पुढे आलाय, तानपुरा ऐकूच येत नाहीये, तिसऱ्या ओळीत शब्द गिळले जातायत हे येतं? पहिलं येत असेल तर अजून गाण्याशी तुझं भांडण मिटलेलं नाही, थोडं थांब. दुसरं येत असेल तर तू आधीच या बाजूला आलीयस, फक्त घरी सांगायचं राहिलंय. पत्रावरून मला तरी दुसरंच वाटतंय.

बरं, कामं कुठली. सगळी यादी देत बसत नाही, तुझ्या कानाला जी लागू होतील तेवढीच.

मला सगळ्यात आधी जे सुचलं ते म्हणजे व्होकल एडिटिंग आणि त्याच्या पुढचं व्होकल प्रॉडक्शन. तुला माहीत असेलच, गाणं एका दमात रेकॉर्ड होत नाही. गाणारा सहा-आठ टेक देतो, मग कोणीतरी बसून मुखड्याची पहिली ओळ तिसऱ्या टेकमधली, दुसरी पाचव्यातली, असं निवडून जोडतं, श्वास कमी-जास्त करतं, लयीत सरकवतं, आणि स्वर जिथे ढळलाय तिथे मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरवर हाताने ओढून जागेवर आणतं. आता गंमत बघ. सॉफ्टवेअर मुळात पियानोच्या बारा समान पट्ट्या धरून विचार करतं. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे मुद्दाम झुलवलेला गंधार त्याला चूक वाटतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्याला चूक वाटते. ऑटोवर टाकलं की ते सगळं इस्त्री करून ठेवतं, आणि मग भावगीत असो की अभंग, ऐकताना काहीतरी मेल्यासारखं वाटतं पण काय ते सांगता येत नाही. कॉम्प्युटर चालवणारी पोरं भरपूर आहेत. कुठला स्वर बेसूर आहे आणि कुठला मुद्दाम तिथे ठेवलाय हे ओळखणारी फार कमी आहेत, आणि ते यूट्यूब बघून चार महिन्यांत येत नाही, त्याला तुझी ती १४ वर्षं लागतात. सॉफ्टवेअर मात्र चार महिन्यांत येतं.

याच्याच शेजारचं काम म्हणजे उच्चार. हिंदीतले गायक मराठी गाणी गातात तेव्हा चंद्रातला च आणि चांदण्यातला च वेगळा आहे हे काचेपलीकडून कोणीतरी सांगावं लागतं. ळ तर सोडूनच दे. हे काम आजही संगीतकार स्वतः करतो किंवा कोणीच करत नाही (आणि ते ऐकू येतं). तू एडिटिंग करत असशील तर हेही आपोआप तुझ्याकडे येईल, फक्त नम्रपणे सांगायला शिक, गायक लोक हळवे असतात.

लाइव्ह साउंड हे दुसरं. आपल्याकडे शास्त्रीय कार्यक्रमाला बहुतेक वेळा तोच माणूस येतो जो आदल्या दिवशी लग्नाला डीजे लावून आलेला असतो, त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की तानपुऱ्याला माइक कुठे धरायचा, गाणारीला मॉनिटरमध्ये (तिच्यासमोरच्या स्पीकरमध्ये) तानपुरा हवा असतो आणि तबला कमी, आणि "जरा आस वाढवा" म्हणजे नक्की कुठलं बटण. गाणारी काळी चारमध्ये गातेय हे ज्याला कळतं त्या साउंडवाल्याला कलाकार स्वतः फोन करून बोलावतात, मी बघितलंय. पण सामान जड असतं, मांडव उन्हात, परत यायला मध्यरात्र, आणि बायका फार कमी असल्यामुळे पहिली दोन वर्षं लोक तुला अँकर समजतील. गाडी कोणाची, परत सोडणार कोण, राहायची सोय काय, हे काम घेण्याआधी विचारायचं, लाजायचं नाही. मी लाजले आणि एकदा एसटी स्टँडवर रात्र काढली.

अरेंजिंग आणि प्रोग्रामिंगकडे मात्र सावकाश जा. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड हे सगळे गोव्याचे, चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेल्या परंपरेतले. संगीतकाराची चाल पेटीवर असायची, व्हायोलिनच्या रांगेने काय वाजवायचं ते कागदावर ही माणसं उतरवायची. नाव मात्र पडद्यावर असलंच तर बारीक. गोन्सालविस यांचं नाव देशभर झालं ते १९७७ मध्ये, त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यात ते घातलं म्हणून. तर या कामाला हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वर जुळवणं लागतं, आणि ते विशारदमध्ये शिकवत नाहीत. बाबांची पेटी घरात आहे म्हणजे बोटं फिरत असतील, पण पेटीवर आपण चाल वाजवतो, कॉर्ड नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीत थिअरीच्या पहिल्या काही ग्रेड घरबसल्या होतात, तेवढं करून बघ, आवडलं तर पुढे. हे दोन वर्षांनंतरचं काम धर.

जुन्या रेकॉर्डिंगचं काम हे एक असं आहे ज्याकडे कोणी बघत नाही. महाराष्ट्रात किती घरांमध्ये आणि संस्थांमध्ये स्पूल आणि कॅसेटी पडून आहेत, बुरशी लागतेय, कोण गातंय ते लिहिलेलं नाही, राग लिहिलाय तोही कधीकधी चुकीचा. त्या डिजिटल करणं हे यंत्राचं काम, पण ऐकून राग, ताल, बंदिशीचे शब्द, साथीला कोण असावं हे लिहून काढणं हे तुझ्यासारखीचं काम. एथ्नोम्युझिकॉलॉजीचं (समाजासमाजांतल्या संगीताच्या अभ्यासाचं) एक मोठं अर्काइव्ह आहे, १९८२ मध्ये सुरू झालेलं, आता गुडगावला असतं, ते कसं काम करतात ते एकदा बघून ये. पैसा फार नाही, प्रोजेक्टवर चालतं. पण मन लागेल तुझं.

आणि आता क्लास. "शेवटी क्लासच घ्यावे लागतात का" हे तू ज्या सुरात लिहिलंयस तो मला आवडला नाही. ज्या बाईंनी तुला तानपुरा लावायला शिकवलं त्यांनी क्लासच घेतला ना? शिकवणं हे उरलेल्यांचं काम नाही, आणि व्यवहाराचं बोलायचं तर या सगळ्या क्षेत्रात महिन्याच्या एक तारखेला पैसे येण्याची जास्तीत जास्त शक्यता तिथेच आहे. परदेशातल्या मराठी पोरांना ऑनलाइन शिकवणारे माझ्या ओळखीतच पाच-सहा जण आहेत, पहाटे उठून अमेरिकेची बॅच घेतात आणि दिवसभर स्टुडिओत असतात, त्या बॅचवर घरभाडं निघतं म्हणून स्टुडिओत वाईट कामाला नाही म्हणू शकतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए आणि नेट लागेल, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पण तो वेगळा रस्ता, त्यावर उगाच अर्धा पाय ठेवू नकोस. मुलं आवडत नसतील तर मोठ्यांना शिकव. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका फार मन लावून शिकतात.

म्युझिक थेरपीचं कोणीतरी सुचवेलच तुला. वीकेंडच्या दोन दिवसांत थेरपिस्ट करून देणाऱ्या सर्टिफिकेटच्या मागे लागू नकोस, आजारी माणसांशी संबंध येतो, त्याला नीट शिक्षण आणि डॉक्टरांसोबत काम लागतं.

आता साडेचार लाखांकडे येऊ, कारण खरा प्रश्न हाच आहे आणि तू तो पत्राच्या मधोमध दडवलायस.

एफडी मोडू नका. आत्ता तरी नको. कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, चांगले कोर्स आहेत. पण तुला हे काम आवडतं की नुसती त्याची कल्पना आवडते हे तुला अजून माहीत नाही, आणि ते शोधायला साडेचार लाख लागत नाहीत. कंपनीचा असो नसो, लॅपटॉप तुझ्याकडे आहेच. (कंपनीचा असेल तर त्यावर नको, आयटीवाले ओरडतील.) रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतरही लायसन्स बाकीच्यांच्या मानाने स्वस्त आहे. एक बरा हेडफोन घे, गाणी ऐकायचा ढम ढम करणारा नाही, मॉनिटरिंगचा. छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आणि एक माइक सेकंडहँड मिळतो. हे सगळं मिळून कोर्सच्या फीच्या जवळपासही जात नाही.

मग सहा महिने नोकरी न सोडता आठवड्याला दहा तास हेच. मैत्रिणींची रेकॉर्डिंग घे, त्यांना प्रत्येकी पाच टेक गायला लाव, जोड, सुधार, आणि आधीचं-नंतरचं असं दोन्ही ठेव. दहा गाणी झाली की त्यातली तीन चांगली असतील. तीच तुझी डिग्री. ती घेऊन पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये जा, मेल करू नकोस, मेल कोणी वाचत नाही, दुपारी जा, सकाळी कोणी नसतं. मी गायिका आहे म्हणून सुरुवात करू नकोस. "मी व्होकल एडिट करते, शास्त्रीय शिकलेय, हे माझं काम, बसायला देता का" एवढंच. दहातले आठ नाही म्हणतील. एक म्हणेल पुढच्या महिन्यात ये आणि विसरेल, तरी तू जा.

सहा महिन्यांनंतरही रात्री ऑफिसमधून येऊन लॅपटॉप उघडावासा वाटत असेल तर मग कोर्सचा विचार कर. तेव्हा तुला प्रश्नही नीट विचारता येतील. एका बॅचला किती मुलं, प्रत्येकाला स्टुडिओत प्रत्यक्ष हात लावायला आठवड्याला किती तास, शिकवणारे आत्ता काम करतायत की दहा वर्षांपूर्वी करायचे, आणि मागच्या दोन बॅचमधल्या चार मुलांचे नंबर द्या, तुम्ही निवडलेले नको, मी निवडते. प्लेसमेंटचा बोर्ड दाखवतात त्यावर जाऊ नकोस, या धंद्यात प्लेसमेंट असं काही नसतं, ओळखीने काम मिळतं, आणि ओळख कामाने होते. तुझ्या दारात एफटीआयआय ही सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे हेही विसरू नकोस, प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून उभी आहे, साउंडचा तीन वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश परीक्षा अवघड आहे आणि बारावीला फिजिक्स असण्याची अट असते ती आधी बघून घे. तो सिनेमाचा साउंड आहे, नुसत्या गाण्याचा नाही, पण सरकारी संस्थेत तीन वर्षं नीट शिकणं आणि एका वर्षात सगळं उरकणं यात फरक आहे.

फुकट कामाचं काय, हे तू विचारलं नाहीस पण पुढच्या पत्रात विचारशीलच. सुरुवातीला दोन-तीन कामं फुकट कर, पण कोणासाठी ते तू ठरव. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्यासाठी नको, ज्याच्या शेजारी बसून शिकायला मिळेल त्याच्यासाठी कर. चौथ्यापासून पैसे, थोडे का होईना, आणि अर्धे आधी. किती गाणी, किती वेळा बदल करून देणार, नाव कुठे येणार, हे व्हॉट्सअॅपवर का असेना पण लिहून घे. "दीदी एक छोटासा चेंज" हा प्रकार सतराव्यांदा आला की कळेल मी का सांगतेय.

आणि हक्काचं थोडं समजून ठेव. उद्या तू एखाद्या जाहिरातीला चाल दिलीस किंवा मालिकेचं गाणं केलंस तर तू संगीतकार झालीस. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर गाणं सिनेमाहॉलच्या बाहेर वाजलं की त्यातला गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्यांनी सही करून कोणाला देतो म्हटलं तरी देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून. ती सोसायटी, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, आयपीआरएस, १९६९ पासूनची. पहिली चाल प्रसिद्ध झाली की मेंबर हो. पण एडिट किंवा मिक्स करणाऱ्याला यातलं काही येत नाही, त्याची फी हीच त्याची कमाई, म्हणून ती नीट ठरवायची.

पोट भरतं का, तर एकाच कामावर बहुतेक नाही. माझ्या ओळखीत जे टिकले ते सगळे दोन-तीन कामं धरून आहेत, एडिटिंग अधिक शिकवणी, लाइव्ह अधिक डबिंगचं रेकॉर्डिंग, असं. गणपती ते दिवाळी कामच काम, त्याआधी भर पावसाळ्यात शुकशुकाट. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत बॅक ऑफिस सोडू नकोस. साधं एडिटिंग हळूहळू मशीनच करायला लागलंय हेही खरं आहे, एका गाण्यातून आवाज वेगळा काढायला पूर्वी जे जमायचं नाही ते आता एका क्लिकवर होतं. म्हणून नुसती बटणं शिकलेल्यांचं अवघड होणार. दरबारीचा गंधार कुठे ठेवायचा हे सांगणाऱ्याचं इतक्यात नाही होणार असं मला वाटतं.

राहिले बाबा आणि बाई.

बाबांना खरं सांग, आणि एफडीबद्दल बोलायच्या आधी सांग. त्यांना अल्बमचं वाटतंय कारण तू कधी नाही म्हटलं नाहीस. हौशी पेटीवाले आहेत म्हणतेस, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याला साथ करत आलेत. साथ करणाऱ्याला मागे बसण्यातलं सुख कळत नाही असं तुला का वाटतं? मला तर वाटतं घरात तेच सगळ्यात आधी समजून घेतील, थोडा वेळ गप्प बसतील फक्त.

बाईंना मात्र तोंडी सांगायला जाऊ नकोस. त्या "रियाज वाढव" म्हणतात कारण त्यांच्याकडे तेवढंच एक औषध आहे आणि त्यांनी तुला १४ वर्षं दिलीयत, त्यांना ते फेकून दिल्यासारखं वाटणार. त्यांचं चांगलं रेकॉर्डिंग आहे का गं कुठे? बहुतेक नसेल. आपल्याकडे क्लास घेणाऱ्या बायकांच्या चिजा मोबाइलवर धरलेल्या असतात, मागे मिक्सर चालू, कोणाचं तरी पोर रडतंय. तर त्यांना विचार की बाई, तुमच्या गुरूंकडच्या ज्या बंदिशी आम्हाला दिल्यात त्या मला नीट रेकॉर्ड करून ठेवायच्यात, दर रविवारी एक. शब्द आणि नोटेशन मी लिहून काढते, तुम्ही तपासा. नाही म्हणणार नाहीत. तिथे तुझं पहिलं काम होईल, बंदिशींची वहीही होईल, आणि हेडफोन लावून स्वतःचा आवाज नीट ऐकला की त्या तुला काय म्हणायचंय ते विचारतील, तेव्हा सांग.

रविवारी लवकर जा. तानपुरा तूच लावशील, नेहमीसारखा. पंखा बंद कर, फ्रिजचाही आवाज येतो, शेजारच्या खोलीत असला तरी, तोही तेवढ्यापुरता बंद करायला सांग, आणि बाई गायला लागायच्या आधी पाच मिनिटं नुसता तानपुरा रेकॉर्ड करून घे. एडिटला बसलीस की उपयोगी पडतो.